रीटफेल्ट-श्रोडर गृह : चित्र की घर?

आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील रीटफेल्ट-श्रोडर गृहाला (१९२४) मानाचे स्थान आहे. मात्र या वास्तूविषयी लिहिताना एकच उपमा वारंवार वापरली जाते : मोंद्रियानचे चित्र त्रिमितीत उभे केले आहे. पांढरे-करडे पृष्ठभाग, तांबड्या, निळ्या व पिवळ्या रंगांच्या बारीक पट्ट्या आणि एकमेकींना ओलांडून गेल्यासारख्या भिंती पाहता ही उपमा सुचणे स्वाभाविक आहे. ‘डी स्टाइल’ चळवळीशी गेरिट रीटफेल्ट (१८८८-१९६४) याचा निकटचा संबंधही होता. परंतु या उपमेने घराचे दर्शनी रूप तेवढे उलगडते. घर उलगडत नाही.

घराचा उगम चित्रात नसून एका स्त्रीच्या गरजेत आहे. त्रुस श्रोडर (१८८९-१९८५) यांना १९२३ मध्ये वैधव्य आले. तीन मुलांसह राहण्यासाठी त्यांना लहान, मोकळे घर हवे होते आणि मुलांनी मोठ्यांच्या वावरातच वाढावे, असा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक खोलीत पलंग मावावा, पाण्याची सोय असावी, ही अपेक्षाही त्यांचीच. वरचा मजला पूर्णपणे खुला ठेवण्याकडे रीटफेल्टचा कल होता. एकांताची गरज ओळखून सरकत्या पडद्या त्यांनी मागितल्या. दिवसा जिन्याभोवतीची सलग जागा, रात्री स्वतंत्र खोल्या, ही या घराची खरी कल्पना होय आणि तिच्यात श्रोडर यांचा वाटा निम्म्याहून कमी म्हणता येणार नाही. त्यांना केवळ ‘मालकीण’ म्हणणारी समीक्षा वास्तुविचार कोणाचा, हा मूलभूत प्रश्नच टाळते.

बांधकाम पाहिले तरी हेच दिसते. काँक्रीटचे वाटणारे हे घर बहुतांशी गिलावा केलेल्या विटांचे आहे; काँक्रीट पायात व सज्जांत आहे. भिंतविरहित मजला इमारतीच्या नियमांत बसत नव्हता, म्हणून नकाशात त्याची नोंद ‘माळा’ अशी झाली. तळमजल्यावर मात्र रूढ पद्धतीच्या पक्क्या भिंतींच्या खोल्या आहेत. शुद्ध सिद्धान्ताचे उदाहरण म्हणून गौरविलेल्या वास्तूत इतकी व्यवहारी तडजोड असावी, हे तिचे न्यून नव्हे. सुतारकामात वाढलेल्या रीटफेल्टचा हात तर सर्वत्र जाणवतो. भोजनाच्या जागेतील कोपऱ्याची खिडकी उघडली की कोपराच नाहीसा होतो, कारण तेथे आधाराचा खांबच ठेवलेला नाही. ही किमया चित्रकाराची नव्हे, सांध्याचा विचार करणाऱ्या कारागिराची आहे.

श्रोडर येथे सहा दशके राहिल्या. या काळात घर बदलत गेले : १९३६ मध्ये गच्चीवर एक खोली चढली, ती पुढे काढली गेली, समोरचा मोकळा परिसर १९६० च्या दशकात उंचावरील रस्त्याने झाकला. त्यांच्या मृत्यूनंतर अंतर्भागाचे जतन करताना १९२० च्या दशकातील रूप निवडण्यात आले. २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली वास्तू ही अशी निवडलेली आहे. मूळ रचना त्यामुळे स्पष्ट झाली, हे मान्य. पण बदलाची क्षमता हाच जिचा गुण, त्या वास्तूचे साठ वर्षांचे बदल पुसले गेले. आज संग्रहालयातील मार्गदर्शक प्रेक्षकांसमोर पडद्या सरकवून दाखवतो आणि पुन्हा पूर्ववत करतो.