धाकट्याच्या लेखणीतील थोरला : बाबाराव सावरकरांच्या कारावासाचे वाङ्मयीन चित्र

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. मराठी चरित्रवाङ्मयाचा प्रारंभ शोधू जाता आपण ज्या रचनांपाशी येऊन पोहोचतो, त्यांत नामदेवांच्या नावावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांना अग्रस्थान द्यावे लागते. यांतील सर्वच अभंगांच्या कर्तृत्वाविषयी संशोधकांत एकमत नाही. परंतु त्यांतील एक विशेष निर्विवाद आहे. चरित्रनायक ज्ञानदेव असले, तरी निवृत्ती, सोपान आणि मुक्ताई ही भावंडे तेथे केवळ नात्याने उल्लेखिलेली नाहीत. समाधिप्रसंगी तर थोरल्या निवृत्तीच्या शोकास स्वतंत्र वाणी लाभली आहे. एका भावाची कथा सांगताना दुसऱ्याचे मन झाकोळू न देण्याची ही दृष्टी आपल्या अर्वाचीन चरित्रवाङ्मयात कितपत टिकली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात तो एकाच उदाहरणाच्या आधारे विचारावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांच्या कारावासाचे.

लेखाचा हेतू मर्यादित आहे. सावरकर बंधूंच्या राजकारणाचे मूल्यमापन येथे करावयाचे नाही. एका विख्यात क्रांतिकारक नेत्याचा बंधू वाङ्मयात कोणाच्या शब्दांतून आपल्यापर्यंत येतो, आणि त्यामुळे त्याच्या आयुष्याचा कोणता भाग आपल्या दृष्टीआड होतो, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम घटनाक्रम लक्षात घेतला पाहिजे. कारण सामान्य वाचकाच्या मनात तो बहुधा उलटा असतो. बाबारावांचा जन्म १८७९ साली भगूर येथे झाला. विनायकराव त्यांच्याहून चार वर्षांनी धाकटे. आई लहानपणीच निवर्तली आणि १८९९ च्या प्लेगात वडीलही गेले. त्यानंतर घराचा भार विशीतील बाबारावांवर पडला. त्यांनी स्वतःचे शिक्षण मागे ठेवले आणि धाकट्यांचे पुढे चालविले. मित्रमेळा व पुढे अभिनव भारत या गुप्त संघटनांच्या नाशिकमधील कार्याचा दैनंदिन व्याप त्यांच्याकडे होता. १९०६ साली विनायकराव लंडनला गेल्यावर तर तो सर्वस्वी त्यांच्याकडेच आला. १९०९ च्या प्रारंभी त्यांस अटक झाली, आणि ८ जून १९०९ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची व मालमत्ता जप्तीची शिक्षा सांगण्यात आली. त्या दिवशी विनायकराव लंडनमध्ये मोकळे होते. ज्या जिल्हाधिकाऱ्याने बाबारावांवरील खटला पुढे पाठविला, त्या जॅक्सनचा वध २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात झाला. वध करणारा अनंत कान्हेरे हा त्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेत विद्यार्थी म्हणून राहिलेला तरुण होता. त्या वधाच्या कटातूनच पुढे विनायकरावांवरील आरोपांची एक बाजू उभी राहिली. म्हणजे धाकट्यामागोमाग थोरला बंदिवासात गेला असे झालेले नाही. थोरल्याची शिक्षा ही मूळ घटना असून धाकट्याच्या शिक्षेकडे जाणाऱ्या वाटेचा प्रारंभ तिच्यापाशी आहे.

ही शिक्षा कशासाठी झाली, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावे. बाबारावांवर कोणावर शस्त्र चालविल्याचा आरोप नव्हता. ‘लघु अभिनव भारत माला’ या नावाची कवितांची छोटी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली होती. त्या कविता त्यांच्या स्वतःच्या नव्हेत. नाशिकच्या कवी गोविंदांच्या म्हणून त्या ओळखल्या जातात. अपील मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंदावरकर व हीटन यांच्यासमोर चालले आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये फेटाळले गेले. चंदावरकर स्वतः मराठी जाणणारे आणि प्रार्थनासमाजातील एक विचारवंत पुरुष होते. त्यांच्यासमोरील प्रश्न मूलतः काव्याच्या अर्थनिर्णयाचा होता. पुराणातील देवदैत्यांची युद्धे आणि शिवकालीन पराक्रम यांचे वर्णन हे वर्णनच समजावयाचे, की प्रचलित राज्यसत्तेविरुद्ध शस्त्र उचलण्याचा तो उपदेश मानावयाचा? न्यायालयाने दुसरा अर्थ स्वीकारला. रसिकाच्या दृष्टीने पाहता तो अर्थ खोटा होता असे म्हणवत नाही. त्या कवितांचा श्रोता तोच अर्थ घेत होता, आणि घ्यावा अशीच रचनेची इच्छा होती. परंतु ध्वन्यर्थ ओळखणे निराळे आणि त्या ध्वन्यर्थासाठी प्रकाशकाचे संपूर्ण आयुष्य मागणे निराळे. बाबारावांच्या चरित्रातील पहिली विलक्षण गोष्ट ही की दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्यांनी जन्मठेप सोसली. दुसरी गोष्ट तितकीच विलक्षण आहे : त्या जन्मठेपेची कथाही दुसऱ्याच्याच शब्दांत सांगितली गेली.

शिक्षेची वार्ता लंडनला पोहोचल्यावर विनायकरावांनी वहिनी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी, यांना पद्यात पत्र लिहिले. ‘सांत्वन’ या नावाने ते प्रसिद्ध आहे. मराठी कवितेत दीराने भावजयीला उद्देशून लिहिलेली इतक्या उदात्त स्वराची रचना विरळाच. तिचे काव्यगुण मान्य करूनच पुढील विचार मांडतो. या काव्यात शिक्षा भोगणारा पुरुष जवळजवळ अनुपस्थित आहे. व्यक्तिगत दुःखाचे रूपांतर राष्ट्रासाठी केलेल्या समर्पणात करणे हा काव्याचा हेतू असल्यामुळे बाबाराव तेथे विशिष्ट माणूस म्हणून न येता वंशाच्या पुण्याईचे एक प्रतीक म्हणून येतात. येसूवहिनींच्या वाट्याला धैर्याची भूमिका आली आहे. प्रश्न विचारण्याची मुभा त्यांना दिलेली नाही. पुढील दहा वर्षे ही भूमिका त्यांनी खरोखर निभावली. घर जप्त झालेले, दीर देशोदेशी, पती अंदमानात, अशा स्थितीत दिवस काढून त्या १९१९ साली पतीची पुन्हा भेट न होताच निवर्तल्या. काव्याने जे मागितले ते जीवनाने दिले. पण त्याची किंमत किती पडली, हे त्या काव्यातून कळण्यासारखे नव्हते.

आता ‘माझी जन्मठेप’ या ग्रंथाकडे वळू. १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी कारावासवाङ्मयातील एक प्रमुख कृती होय. त्याच्या शीर्षकातील सर्वनाम अर्थपूर्ण आहे. सेल्युलर जेलच्या भिंतींआड एकाच घरातील दोन जन्मठेपा भोगल्या जात होत्या. थोरली १९१० पासून, धाकटी ४ जुलै १९११ पासून. त्यांतील एकच ‘माझी’ झाली. आत्मचरित्रात हे अपरिहार्य आहे, हे खरे. मात्र वाचकाने ते विसरू नये. ग्रंथात बाबाराव येतात ते प्रायः दोन प्रकारांनी. एक, भेटीच्या प्रसंगातून. निरनिराळ्या भागांत ठेवलेल्या दोन भावांची ओझरती दृष्टादृष्ट होते. धाकटा अद्याप परदेशी मोकळा आहे या समजुतीवर आजवर धीर धरून असलेल्या थोरल्यास त्याला कैद्याच्या वेषात पाहून जबर धक्का बसतो. हा प्रसंग ग्रंथातील अत्यंत हृद्य प्रसंगांपैकी एक आहे. परंतु त्याची मांडणी बारकाईने पाहावी. धक्का थोरल्यास बसतो. त्या धक्क्याचा मानसिक इतिहास मात्र आपण धाकट्याच्या अंतःकरणातून वाचतो. थोरल्याचे मन तेथे क्षणभर उघडते आणि मिटते.

दुसरा प्रकार म्हणजे शारीरिक हालांच्या वर्णनाचा. अर्धशिशीने कपाळ फुटत असता कोलूला जुंपले जाणे, आजारात उपचारांची हेळसांड, पुढे खालावत गेलेली प्रकृती, या सर्व गोष्टी ग्रंथकाराने कळवळ्याने नोंदविल्या आहेत. त्या नोंदी नसत्या, तर बाबारावांच्या यातनांचा पुष्कळसा भाग काळाच्या उदरात गडप झाला असता. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि सोसणाऱ्याचे शरीर दिसते तितके त्याचे चिंतन दिसत नाही. विनायकराव तुरुंगात कविता रचतात, वाद घालतात, बंदिवानांस शिकवितात, बाबाराव सोसतात. सोसणे आणि विचार करणे यांची ही वाटणी वस्तुस्थितीने केली, की निवेदनाने? समीक्षकाने हा प्रश्न सोडून देता कामा नये.

वाङ्मयाबाहेरील लेखनातही हाच प्रकार आढळतो. विनायकरावांनी ३० मार्च १९२० रोजी सरकारला केलेल्या अर्जात स्वतःबरोबरच बंधूच्या वतीनेही काही ठरावीक काळ राजकारणापासून दूर राहण्याची तयारी दर्शविली आहे. या अर्जांच्या हेतूविषयी आज मोठा वाद आहे, तो आपण बाजूस ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की येथेही थोरल्याचे वचन धाकट्याच्या लेखणीतून उमटले. उलट, त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजींनी ‘यंग इंडिया’मध्ये सावरकर बंधूंच्या सुटकेची मागणी करणारा लेख लिहिला. त्यात त्यांनी गणेश सावरकरांचे जन्मवर्ष, शिक्षा, कुटुंबातील मृत्यू ही माहिती स्वतंत्रपणे दिली असून प्रत्येक भावाचा विचार निरनिराळा केला आहे. ज्यांचा मार्ग या बंधूंना मान्य नव्हता आणि ज्यांना या बंधूंचा मार्ग मान्य नव्हता, त्यांच्या लेखणीने थोरल्याला त्याची स्वतःची नोंद द्यावी, यात एक बोध आहे. नोंद नेमकी असली तर ती लहान असूनही न्याय करते.

तुलनेसाठी त्याच कारागृहातील दुसऱ्या एका नेत्याच्या भावाकडे पाहता येईल. अरविंद घोष यांचे धाकटे बंधू बारींद्रकुमार यांना अलीपूर खटल्यात प्रथम फाशीची आणि मग जन्मठेपेची शिक्षा झाली. १९२० मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी अंदमानातील अनुभवांवर बंगालीत स्वतः लिहिले. त्यामुळे त्यांचा बंदिवास अरविंदांच्या चरित्रातील उपकथा होऊन राहिला नाही. त्याला त्याचे स्वतःचे गुणदोष, स्वतःचा विनोद आणि स्वतःची निराशा लाभली. बाबाराव १९२१ मध्ये हिंदुस्थानात आणले गेले आणि गंभीर आजारामुळे सप्टेंबर १९२२ मध्ये साबरमतीच्या तुरुंगातून सुटले. त्यांनीही पुढे लेखन केले. पण त्यांच्या ‘राष्ट्रमीमांसा’दी ग्रंथांचा विषय राष्ट्र, इतिहास आणि धर्म हा होता. त्या ग्रंथांतील राष्ट्रकल्पना धर्माधिष्ठित असून तिच्याविषयी तीव्र मतभेद संभवतात, आणि तिचा पुढील हिंदुत्ववादी विचारावरील परिणाम हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. एवढे मात्र निश्चित की ज्या माणसाचे आपण केवळ सोसणारा म्हणून चित्र पाहत आलो, त्याच्यापाशी स्वतःचा एक आग्रही सिद्धान्त होता. त्याच्याशी वाद घालणे हाही त्याला माणूस म्हणून मान देण्याचाच प्रकार होय. नुसत्या करुणेने तो मान मिळत नाही.

द. न. गोखले यांनी बाबारावांचे स्वतंत्र चरित्र लिहून ही उणीव पुष्कळशी भरून काढली. धाकट्याच्या प्रभावळीतून थोरल्यास बाहेर काढून त्यास चरित्रनायकाचे स्थान देणे, हेच त्या ग्रंथाचे पहिले श्रेय. परंतु ‘क्रांतिवीर’ हे शीर्षकातील विशेषण पुन्हा त्याच मापाने नायकाला मोजते, ज्या मापाने धाकटा मोजला गेला होता. घर सांभाळणारा, शिक्षण सोडणारा, पत्नीच्या मृत्यूची वार्ता कोठडीत ऐकणारा माणूस वीर या पदवीत पूर्णपणे मावत नाही. १९१९ मध्ये धाकटे बंधू नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई अंदमानात भेटीस आल्या, तेव्हा येणाऱ्यांत येसूवहिनी नव्हत्या. त्या भेटीतील बाबारावांचे मौन कोणत्या पदवीने वर्णावे?

या विवेचनाचा आपल्या परिसराशी संबंध आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. तत्पूर्वीच्या निजामी राजवटीत या भागानेही सत्याग्रह, तुरुंग आणि भूमिगत लढा अनुभवला आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या त्या लढ्याच्या स्मरणिका आपण वाचतो, तेव्हा पुढाऱ्याचे नाव मिळते आणि ‘त्यांचे बंधूही कारावासात होते’ एवढ्या एका वाक्यावर दुसरे आयुष्य संपते. आपल्या विद्यार्थ्यांनी मुलाखती घेताना, जुनी पत्रे व तुरुंगाची कागदपत्रे पाहताना त्या एका वाक्यापाशी थांबावे. भाऊ केव्हा पकडला गेला? नेत्याच्या आधी की नंतर? कोणत्या कृत्यासाठी? त्याच्या वतीने कोण बोलले, आणि तो स्वतः काय बोलला? घरी कोण होते? हे प्रश्न साधे आहेत. पण ते न विचारल्यामुळेच चरित्रे एकांगी होतात.

बाबाराव १६ मार्च १९४५ रोजी सांगली येथे निवर्तले. स्वातंत्र्य त्यांनी पाहिले नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातील बरेचसे त्यांच्या भावाने प्रेमाने सांगितले म्हणून ठाऊक आहे. ते प्रेम खरे होते याविषयी संशय घेण्याचे कारण नाही. तरीही प्रेमाने सांगितलेली गोष्ट आणि ज्याची त्याने सांगितलेली गोष्ट या दोहोंमधील अंतर मोजणे हे अभ्यासकाचे काम आहे. नामदेवांच्या अभंगांत निवृत्तीचा शोक ज्ञानदेवांच्या तेजाने लोपत नाही. अर्वाचीन चरित्रकाराने निदान तेवढे तरी साधावे, अशी अपेक्षा नरसीच्या परिसरातील अभ्यासकाने बाळगली तर ती अवाजवी ठरू नये.