हवामान-प्रारूपांतील ढगांची परीक्षा : कोकणच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक :
हवामान-प्रारूपाची परीक्षा आपल्याकडे बहुधा पर्जन्यमापकावरच होते. अंदाजाप्रमाणे पाऊस पडला की प्रारूप यशस्वी, न पडला की अपयशी, असा निवाडा सर्रास दिला जातो. हा निकष अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. पाऊस हा ढगातील अनेक प्रक्रियांचा अंतिम परिणाम होय. परस्परविरोधी चुका एकमेकींना झाकत असतील, तर चुकीच्या रीतीनेही उत्तर बरोबर येऊ शकते.

प्रश्नाचे स्वरूप :
प्रारूपात वातावरणाची विभागणी चौकटींत केलेली असते. मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'मध्ये ही चौकट सुमारे ६ कि.मी.ची आहे, तत्पूर्वीच्या प्रारूपात ती सुमारे १२ कि.मी.ची होती. मिरजोळ्यावरून सह्याद्रीकडे सरकणारा ढग याहून लहान असू शकतो. अशा ढगांचा एकत्रित परिणाम सूत्रांनी अनुमानावा लागतो आणि दोष प्रामुख्याने येथेच शिरतात. हलका पाऊस वारंवार व अतिवृष्टी कमी दाखविणे हा अनेक प्रारूपांचा परिचित दोष आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. नोंद झाली, तर कुलाब्यास केवळ ७३ मि.मी. एवढा फरक मोठ्या चौकटीच्या सरासरीत विरून जातो.

निरीक्षणांचे योगदान व मर्यादा :
'क्लाउडसॅट' (२००६) व 'अर्थकेअर' (२०२४) या उपग्रहांवरील रडारांमुळे ढगांचा उभा छेद पाहता येऊ लागला. प्रारूपातील ढग रडारला कसा दिसला असता, हे गणिताने काढून त्याची प्रत्यक्ष निरीक्षणाशी तुलना करण्याची पद्धतही रूढ झाली आहे. तथापि, जमिनीलगतच्या थरात उपग्रहीय रडारचा संकेत भूपृष्ठाच्या परावर्तनात हरवतो. कोकणात तर मान्सूनचा बराचसा पाऊस फार उंच न वाढणाऱ्या ढगांतून, थेंबांच्या एकत्रीकरणाने पडतो. ढगमाथ्याच्या थंडपणावरून पाऊस मोजणारी अवरक्त निरीक्षणे त्यास कमी लेखतात. म्हणून भूस्थित निरीक्षणे अपरिहार्य ठरतात.

या दृष्टीने पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे कार्य महत्त्वाचे आहे. २००९ पासून विमानांद्वारे ढगांचे मापन आणि २०१२ मध्ये महाबळेश्वर येथे ढग-भौतिकी प्रयोगशाळा ही त्याची ठळक उदाहरणे होत. महाबळेश्वरी पावसाळ्यात ढगच जमिनीला टेकतो. त्यामुळे थेंबांचा आकार व संख्या तेथे थेट मोजता येते. परंतु घाटमाथ्यावरचा ढग किनाऱ्यावरच्या ढगापेक्षा वेगळ्या अवस्थेत असतो. तेथील सूत्र रत्नागिरीस जसेच्या तसे लावणे युक्त नव्हे.

दुसरा आक्षेप पद्धतीविषयी आहे. ज्या निरीक्षणांवरून सूत्रातील गुणांक बेतले, त्यांच्याच आधारे प्रारूप तपासणे म्हणजे प्रश्नपत्रिका आधी वाटून परीक्षा घेणे होय. तिसरे असे की, एक चूक दुरुस्त केल्यावर तिने झाकलेली दुसरी उघडी पडते आणि पावसाचा अंदाज प्रथम बिघडू शकतो. तेवढ्यावरून सुधारणा नाकारली गेल्यास प्रारूप जुन्याच तडजोडीत अडकून राहते.

निष्कर्ष :
हा वाद केवळ शास्त्रीय नाही. मिरजोळ्यालगतच्या विमानतळावर वैमानिकाला पावसाच्या बेरजेपेक्षा ढगाचा तळ किती खाली आला आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सापडलेल्या चिपळूणसाठी तर पाऊस नेमका कोठे व किती वेगाने पडेल, हा जीवनमरणाचा प्रश्न होता. किनारा, पायथा व माथा अशा तिन्ही ठिकाणी एकाच वेळी ढगांचे मापन झाल्याखेरीज प्रारूपाची खरी परीक्षा होणार नाही. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र व भूगोल विभागांनीही ढगांचा प्रकार, आकाशाचे अष्टमांशांतील आच्छादन व तासागणिक पाऊस यांची अखंड नोंद ठेवावी. अशी साधी परंतु सातत्यपूर्ण नोंदवही प्रारूपकारांना निश्चितच उपयुक्त ठरेल.