पांढरं आभाळ : मेजर गिलच्या छायाचित्रांविषयी

मेजर रॉबर्ट गिलची कबर आपल्या भुसावळात आहे. १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणारा हा लष्करी माणूस पुढे कॅमेऱ्याकडे वळला. जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली. दोनच वर्षांनी क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्याच्या बहुतेक रंगीत नकला जळाल्या. आपण सहज म्हणून जातो, नकलेत चित्रकाराचा हात येतो. फोटो मात्र निर्विकार साक्षीदार. हे विधान आज आम्हाला तपासायचं आहे.

त्या काळची रूढ रीत म्हणजे वेट प्लेट. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ती १८५१ मध्ये जाहीर केली. ईथर-अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या गनकॉटनचं कोलोडियन काचेवर ओतायचं, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकायच्या आत तिथल्याच काळोख्या तंबूत धुवायची. हाताशी दहा-पंधरा मिनिटं. आता हे खानदेशच्या वैशाखात करून बघा! ईथर ३५ अंशांच्या आतच उकळतं आणि आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. काच कडांनी सुकते, फुफाटा चिकटतो. वारा सुटला की पानं धूसर होतात, पावसात वाघूरचं पाणी दुधासारखं दिसतं.

पण खरी मेख आभाळात आहे. या काचेला निळा प्रकाश चटकन दिसतो. हिरवा, तांबडा जवळपास दिसतच नाही. जमीन नीट उमटावी इतका वेळ दिला, की आभाळ कोरं पांढरं होतं. ढगही त्यातच विरतात. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे आभाळाची वेगळी काच घेऊन दोन्ही जोडायचा. म्हणजे ढग दाखवायचे तर साक्षीदाराला शिकवावं लागत होतं!

ज्या मुलखात मृगापासून माणूस मान वर करून बसतो, त्याच्या चित्रात ढगच नाही. मग हे खोटं का? नाही. खोट्याला हेतू लागतो. इथे काचेची मर्यादा आहे. पण मर्यादा ठाऊक नसताना आपण त्या पांढऱ्या जागेला 'स्वच्छ हवा' समजलो, तर चूक आपली. साक्षीदार निर्विकार असेल, पण त्याला काय दिसत नाही हे विचारल्याशिवाय त्याची साक्ष पुरी होत नाही.

एक आक्षेप येईल : गिलला लेणी दाखवायची होती, हवामान नव्हे. मान्य. पण लेणी ज्या डोंगरात कोरली, तो डोंगर पाण्यानेच कापला आहे. वाघूरचं ते नालाकृती वळण पावसाचंच काम. आभाळ वजा करून अजिंठा समजत नाही.

तेव्हा एवढंच करा. जुना फोटो बघाल तेव्हा आधी त्याच्या कोऱ्या जागा बघा. आणि श्रावणात एकदा अजिंठ्याला जाऊन मान वर करा.