मेघदूताचा शेवट : मूळ पाठ कीं पुरवणी?

मेघदूताच्या कांहीं पोथ्यांत अखेरीस असे श्लोक आढळतात कीं, यक्षाचा निरोप कुबेराच्या कानीं गेला, त्यास दया आली व शाप मागें घेऊन त्यानें यक्षदंपतीची भेट करविली. दहाव्या शतकांतील काश्मीरी टीकाकार वल्लभदेव याच्या १११ श्लोकांच्या पाठांत हे नाहींत. आमच्या मतें ते प्रक्षिप्तच होत. वर्षाच्या शापाचे चारच महिने उरले आहेत, विष्णु शेषशय्येवरून उठतांच तो संपेल, असें यक्ष स्वतः सांगतो. मग सुटकेस कुबेराची दया कशाला? शंका आहे ती निराळीच : अलकेंतील ती विरहिणी तोंवर तग धरील काय, आणि निरोप पोंचेल तरी काय? मेघ तर होकारही देत नाहीं. विजेशीं तुझा वियोग न घडो, एवढा आशीर्वाद मेघास देववून कालिदास थांबला. पुरवणी जोडणारास तें सोसलें नाहीं, इतकेंच. त्याचा राग आम्हांस येत नाहीं.

मल्लिनाथानें रामगिरि म्हणजे चित्रकूट मानला, नागपूरचे म. म. मिराशी यांनीं तो रामटेक ठरविला. त्या रामटेकच्या परिसरांत मेघदूताची पोथी हातीं लागल्यास संग्राहकांनीं एवढें करावें : कुबेराचे श्लोक नाहींत म्हणून तीवर 'अपूर्ण' असा शेरा मारूं नये, असल्यास ते त्याच हातचे आहेत कीं मागाहून समासांत लिहिलेले, हें नोंदवावें.