साक्षीत न मावणारी वर्षं : ‘स्मृतिचित्रे’ आणि दडलेला देव

प्रार्थना चालू आहे, रविवारची उपासना चुकत नाही, पवित्र शास्त्राचं वाचनही होतं. पण पलीकडे कुणी ऐकतंय असं काही वाटत नाही. ही अवस्था आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. आपण ती चारचौघांत सांगत नाही, एवढंच. आज या अवस्थेकडे आपण एका मराठी पुस्तकातून पाहणार आहोत. पुस्तक तुमच्या घरातही असेल : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

आधी आपल्या एका सवयीबद्दल बोलू. मंडळीत साक्ष देण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. आजारपण होतं, कर्ज होतं, नोकरी गेली होती. प्रार्थना केली आणि मार्ग निघाला. अशा साक्षी खोट्या नसतात, त्यांनी पुष्कळांना धीर दिला आहे. पण त्यांत एक जागा कायम गाळलेली असते. संकट आणि सुटका यांच्या मधली जी वर्षं, ती एका वाक्यात उरकली जातात. मग ज्याची सगळी हयात त्या मधल्या वर्षांतच चालली आहे, त्याने काय करावं? तो मागच्या बाकावर बसून ऐकतो आणि मनात म्हणतो, माझाच विश्वास कमी पडत असणार.

पवित्र शास्त्र मात्र ही मधली जागा गाळत नाही. ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेड येत नाही. एस्तेरच्या इब्री पुस्तकात तर देवाचं नाव एकदाही नाही. तिथे समुद्र दुभंगत नाही, आकाशवाणी होत नाही. एका रात्री राजाला झोप येत नाही, म्हणून तो दप्तर वाचायला सांगतो, त्यात मर्दखयाची जुनी नोंद निघते आणि गोष्ट वळण घेते. झोप न येणं ही किती साधी गोष्ट! तिथे लेखक थांबून ‘हे देवाने केलं’ असं सांगत नाही. ते ओळखण्याचं काम वाचकावर सोपवतो.

आता ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र बहुतेक जण त्यातल्या विनोदासाठी आणि संसाराच्या गमतींसाठी वाचतात. काही ख्रिस्ती वाचकांची तक्रार असते की यात अध्यात्म कमी आणि स्वयंपाकघर फार. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. या पुस्तकातलं अध्यात्म स्वयंपाकघरातच आहे.

पती-पत्नींच्या वाटा पाहा. नारायण वामन टिळकांना १८९३ च्या सुमारास आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. पुढे वाचन, विचार, घालमेल झाली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही गोष्ट साक्षीच्या साच्यात नीट बसते. पण त्याच दिवशी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात काय झालं? नवरा असून नसल्यासारखा झाला. पदरात लहान मुलगा, डोक्यावर समाजाचा धाक. पतीला देव सापडला तो दिवस पत्नीसाठी सगळं हरवल्याचा दिवस होता. त्या काळातला राग, रडणं, हट्ट हे काहीच लक्ष्मीबाई झाकत नाहीत. ‘आता मला कळतं की ते सारं भल्यासाठीच होतं’, असा मुलामाही त्या दुःखावर चढवत नाहीत. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटतो.

पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या, त्यांचं सोवळं सोबत घेऊनच. चूल निराळी, पाणी निराळं. त्यांना वादात कुणी जिंकलं नाही. राहुरीला असताना स्वतःशीच विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की हा जातिभेद देवाने केलेला नाही, माणसांनी केला आहे. आणि मग त्यांनी कुणाच्याही हातचं खायला-प्यायला सुरुवात केली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला १९०० साली, म्हणजे टिळकांच्या नंतर पाच वर्षांनी.

इथे जरा थांबू या. या बाईंच्या आयुष्यात देव कुठे आला? दर्शन झालं तिथे? दर्शन झालंच नाही. जे झालं ते पाण्याच्या भांड्यापाशी झालं. ज्या हातचं पाणी चालत नव्हतं ते चालायला लागलं. अनेक पिढ्यांचं सोवळं एका शाळेत न गेलेल्या बाईने, कुणी धाक न घालता, उतरवून ठेवलं. याला देवाची उपस्थिती म्हणायचं नसेल तर आणखी कशाला म्हणायचं, हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो योग्य आहे. अशाने काहीही देवाच्या नावावर खपवता येईल. दूध उतू गेलं नाही तरी ईश्वरी कृपा! हा धोका खरा आहे. पण लक्ष्मीबाई प्रत्येक घटनेला देवाचं लेबल लावत सुटत नाहीत. बाजारातून भलतंच घेऊन येणारा नवरा, घरातलं दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्याची सवय, दारी येणारी माणसं, सांभाळलेली परकी मुलं : हे सगळं त्या कधी वैतागून, कधी हसून सांगतात. पण पान उलटताना आपल्या लक्षात येतं की त्या घराचा उंबरठा हळूहळू खाली येतो आहे, आतल्या माणसांची संख्या वाढते आहे. आम्हाला कसोटी हीच वाटते. मनाला काय वाटलं, यापेक्षा आपल्या ताटाला ताट लावून कोण बसलं, हे बघावं.

लूककृत शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांसोबत प्रभू चालत राहिला, बोलत राहिला, आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते घरात, भाकर मोडताना. आणि ओळखल्याबरोबर तो दिसेनासा झाला. पण ती भाकर त्यांनी स्वतः आग्रह करून घरात घेतलेल्या एका परक्या पाहुण्याच्या हातची होती, हे आपण विसरतो.

तेव्हा मागच्या बाकावर बसणाऱ्या मित्राला आम्ही एवढंच सांगू : तुमची ती मुकी वर्षं साक्षीतून गाळू नका. ‘अजून मला काही ऐकू आलेलं नाही, पण दार उघडं ठेवलं आहे’, हीसुद्धा साक्षच आहे. मंडळीनेही ती ऐकून घ्यायला शिकलं पाहिजे, आणि त्याने शेवट गोड करावा म्हणून घाई करू नये.

आज घरी गेल्यावर ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा उघडा. विनोदासाठीच वाचा, हरकत नाही. फक्त कोण कुणाच्या हातचं पाणी पितं, तिकडे लक्ष असू द्या.