आद्य विमानविद्येचा इतिहास आणि वाचनकौशल्याचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना
भाषेच्या अध्यापनात विमानाच्या शोधाचा इतिहास हा उताऱ्यांसाठी नेहमी निवडला जाणारा विषय आहे. उतारा, त्याखाली कठीण शब्दांचे अर्थ व शेवटी आकलनाचे प्रश्न, अशी त्याची रूढ मांडणी असते. या मांडणीने शब्दसंग्रह वाढतो. परंतु वाचनकौशल्य वाढतेच असे नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

'पहिले' या शब्दाचे वाचन
शब्दार्थांच्या यादीत 'पहिले' हा शब्द सहसा नसतो, कारण तो सोपा मानला जातो. वस्तुतः या विषयातील सर्वांत अवघड शब्द तोच होय. २१ नोव्हेंबर १७८३ रोजी पॅरिस येथे माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून दोन व्यक्तींनी मुक्त हवाई प्रवास केला. क्लेमाँ आदेर यांचे वाफेच्या इंजिनाचे यान १८९० मध्ये जमिनीपासून जेमतेम वर उचलले जाऊन सुमारे ५० मीटर गेले. ऑटो लिलिएंथाल यांनी १८९१ पासून इंजिनाविना ग्लायडरची उड्डाणे केली. राइट बंधूंचे उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे.

राइट बंधूंचे उड्डाण 'पहिले' ठरते, ते 'हवेपेक्षा जड', 'शक्तिचलित', 'नियंत्रित' आणि 'सलग' या विशेषणांच्या बळावर. पहिले विशेषण वगळल्यास फुग्याचा, दुसरे वगळल्यास लिलिएंथाल यांचा, तर अखेरची दोन वगळल्यास आदेर यांचा दावा पुढे येतो. हे पडताळून पाहणारा विद्यार्थी चार शब्दांचे अर्थ तर शिकतोच. शिवाय विशेषण हे विधानाची मर्यादा कशी आखते, हेही त्याला उमगते. केवळ पर्यायी शब्द पाठ करून ही जाण येत नाही.

साधनांचे तुलनात्मक वाचन
रूढ प्रश्नांचा दुसरा दोष असा की, त्यांचे उत्तर उताऱ्यातच असते. त्यामुळे छापील मजकूर पडताळण्याची सवय लागत नाही. १७ डिसेंबरच्या चार उड्डाणांपैकी पहिले १२ सेकंदांचे व १२० फुटांचे, तर चौथे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे होते. घरी पोहोचलेल्या तारेत मात्र ५७ सेकंद असा आकडा होता. दुसऱ्या दिवशी 'व्हर्जिनियन-पायलट' या वृत्तपत्राने हेच यान तीन मैल उडाल्याचे छापले. तार व बातमी शेजारी ठेवल्यास प्रत्यक्षदर्शी कोण, ऐकीव माहिती कोणाची आणि कोणता फरक किरकोळ, हे प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारू लागतो.

'विमान' : अर्थविस्ताराचा प्रश्न
मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण आहे. 'विमान' हा शब्द विसाव्या शतकातील यंत्रासाठी नव्याने घडलेला नाही. पुराणकथांतील देवांचे वाहन आणि मंदिराच्या गर्भगृहावरील बांधणी हे त्याचे जुने अर्थ आहेत. यादीत केवळ आधुनिक अर्थ दिला, तर विद्यार्थी जुन्या ग्रंथांतही यंत्रच वाचू लागतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात परिचित आहे. तथापि तिला विश्वसनीय समकालीन आधार आढळलेला नाही. प्राचीन मानल्या गेलेल्या 'वैमानिकशास्त्र' या ग्रंथाची रचना विसाव्या शतकातील असून त्यात वर्णिलेली याने उडण्यास अक्षम आहेत, असा निष्कर्ष बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडला. हा विषय अस्मितेशी निगडित असल्याने वर्गात टाळला जातो. परंतु आपल्याला प्रिय असलेल्या विधानाकडे पुरावा मागणे, ही वाचनाची खरी कसोटी होय.

निष्कर्ष
शब्दार्थांची यादी सर्वस्वी निरुपयोगी नाही. पारिभाषिक संज्ञांसाठी ती आवश्यकच आहे. या पद्धतीला वेळ अधिक लागतो आणि अध्यापकाची पूर्वतयारीही मोठी लागते, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणून अनेक उताऱ्यांऐवजी एकच घटना दोन-तीन साधनांतून वाचणे श्रेयस्कर ठरेल. तसे न झाल्यास पदवीधराला 'उड्डाण' या शब्दाचा अर्थ ठाऊक असेल. मात्र उड्डाण झाले की नाही, हे ठरविण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नसेल.