खैराती खटला: शिक्षेचे शब्द सुटकेच्या नावावर

कलम ३७७ वर काहीही वाचायला घेतलंत की ‘क्वीन एम्प्रेस विरुद्ध खैराती’ हा अलाहाबाद हायकोर्टाचा १८८४ चा निकाल समोर येतोच. तृतीयपंथीयांच्या ओळखीला कायदेशीर मान्यता देणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या नालसा निकालातही तो आहे. नालसाचं महत्त्व वादातीत आहे. पण त्यातला खैराती यांच्यावरचा परिच्छेद संशोधकाने तपासूनच घ्यावा.

तिथे म्हटलंय की खैराती यांना निर्दोष सोडताना सत्र न्यायाधीशांनी पुढचं मत मांडलं, आणि मग उतारा दिलाय. उतारा सत्र न्यायाधीशांचाच आहे. फक्त त्यांनी खैराती यांना सोडलं नव्हतं, दोषी ठरवलं होतं! सुटका केली ती अपिलात, हायकोर्टाच्या न्या. स्ट्रेट यांनी. चूक एका वाक्याची, पण अर्थ पार उलटतो. ज्या शब्दांवर शिक्षा उभी होती, तेच सुटकेची कारणं वाटू लागतात.

ते शब्द काय होते बघा. खैराती गावी आले असताना पोलिसांनी बोलावून घेतलं. तेव्हा ते बायकी वेशात, एका घरच्या बायकांमध्ये गाताना सापडले. मग सिव्हिल सर्जनकडून शरीराची तपासणी. बस. कृत्य कधी, कुठे, कोणासोबत, यातलं काहीच सिद्ध नाही. न्या. स्ट्रेट यांनी बोट ठेवलं ते नेमकं यावर. मुरादाबादच्या अधिकाऱ्यांचा हेतू मात्र त्यांनाही स्तुत्यच वाटला. त्यामुळे या सुटकेत सहानुभूती शोधू नका.

बहुतेक लेख इथेच थांबतात. मला पुढचा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. पोलीस खैराती यांच्यावर ‘युनक’ म्हणून नजर ठेवून होते, पण शब्दशः ते युनक नव्हते, असं त्याच उताऱ्यात आहे. १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टचा दुसरा भाग युनकांच्या नोंदणीचा. नोंद झालेल्याने बायकी वेशात रस्त्यावर दिसणं किंवा सार्वजनिक ठिकाणी नाचणं हा गुन्हा. कैद दोन वर्षांपर्यंत. व्याख्येचा आधार मात्र नपुंसकत्व. माझा तर्क असा की खैराती त्या व्याख्येत बसत नव्हते, म्हणून ३७७ हाताशी घेतलं गेलं. कलम कृत्याचं, पण राग वेशावरचा आणि गाण्यावरचा. हा तर्क तपासायचा तर १८७१ चा कायदा आणि हा खटला शेजारी ठेवून वाचावे लागतील. एकटं ३७७ पुरणार नाही.

आणखी एक अडचण. उताऱ्यात खैराती पुरुष आहेत, नालसात ट्रान्सजेंडर. ते स्वतःला काय म्हणत, हे उताऱ्यात कुठेच नाही. मराठीत तर क्रियापदालाही लिंग लागतं, आदरार्थी ‘ते’ लिहूनही सुटका नाही. प्रबंधात ‘ट्रान्सजेंडर खैराती’ लिहिणार असाल, तर हा शब्द १८८४ चा नाही, एवढं तरी त्याच पानावर लिहा.